अख्खी कोंबडी, आतपर्यंत शिजलेली

फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरजवळ वेहळोलीला बर्ड फ्लू आढळला आणि कोंबडी खावी का, ही शंका आली. आनंदनगरातून आम्ही सांगतो, खा, पण पूर्ण शिजवून. बर्ड फ्लू नसतानाही कच्च्या कोंबडीत जुलाब-उलट्यांचे जंतू असू शकतात.

कोंबडी नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओट्यावरच्या कोथिंबिरीवर उडतात. मसाला लावून मुरवायची तर फ्रिजमध्येच.

अख्खी कोंबडी वरून खरपूस दिसते, पण मांडीच्या सांध्याशी कच्ची राहते. म्हणून तिथे खोल चिरा द्या, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. सांध्याशी सुरी खुपसल्यावर गुलाबी पाणी आलं, तर आणखी शिजवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल, तर तिथे ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं.

आणि कच्च्या कोंबडीचे हात, सुरी, पाट साबणाने धुतल्याशिवाय काकडी चिरायला घेऊ नका.