चूक कुणाची, भरपाई कुणाला?

६ मे १९५३ ची संध्याकाळ. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावात तेव्हा मिळालेला उपचार म्हणजे पायाला बांधलेल्या लाकडी फळ्या. तिसऱ्या दिवशी टॅक्सीने सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्यात एका डॉक्टरांकडे आणले. तेथे पूर्ण भूल न देता, जोर लावून हाड ओढण्यात आले आणि पायाला प्लास्टर घातले गेले, असे पुढे न्यायालयाने ग्राह्य धरले. त्याच रात्री मुलगा दगावला.

वडिलांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि शेवटी १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. तोवर मुलाला जाऊन पंधरा वर्षे झाली होती. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने हा निकाल आजही वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत आधाराला घेतला जातो. रुग्ण स्वीकारायचा की नाही हे ठरवताना, उपचार ठरवताना आणि ते प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने पुरेशी काळजी घेतली पाहिजे, हे तत्त्व त्यात स्पष्ट झाले. कायद्याला दिशा मिळाली. पण त्या कुटुंबाला काय मिळाले आणि केव्हा, हा प्रश्न उरतोच.

एखाद्याच्या चुकीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर चूक करणाऱ्याने पैशाने भरपाई द्यावी, हे सांगणाऱ्या कायद्याला ‘अपकृत्य कायदा’, इंग्रजीत ‘टॉर्ट’ म्हणतात. या कायद्यात सुधारणा हवी, अशी ओरड सर्वांत जास्त अमेरिकेत झाली. तिथल्या डॉक्टरांची तक्रार अशी, की खटले फार, भरपाईच्या रकमा अवाच्या सवा आणि त्यामुळे विम्याचे हप्ते परवडत नाहीत. १९७५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला. इजेमुळे होणारा उपचारांचा खर्च आणि बुडालेली कमाई पूर्ण मिळेल. पण वेदना व मनस्ताप यांची भरपाई अडीच लाख डॉलरच्या वर जाणार नाही. पुढे इतर अनेक राज्यांनी हाच मार्ग धरला. टेक्सासने २००३ मध्ये तशीच मर्यादा घातली.

डॉक्टरांची तक्रार निराधार नव्हती. खटल्याची धास्ती बसली की डॉक्टर रुग्णाच्या गरजेपेक्षा स्वतःच्या बचावासाठी तपासण्या लिहू लागतो. डोके दुखते म्हणून आलेल्याला तपासून निदान झाले असले, तरी ‘उद्या काही निघाले तर?’ म्हणून सीटी स्कॅन. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील खटल्यांची जोखीम जास्त असलेल्या शाखांच्या तज्ज्ञांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील ९३ टक्के डॉक्टरांनी आपण अशी बचावात्मक प्रॅक्टिस करतो, असे सांगितले. अनावश्यक तपासणीचा खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो आणि अवघड रुग्ण हाती घ्यायला कुणी धजत नाही, हे दुखणे आपल्याकडेही ओळखीचे आहे.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. न्यूयॉर्क राज्यातील रुग्णालयांचे १९८४ सालचे तीस हजारांवर केसपेपर हार्वर्डच्या संशोधकांनी तपासले. दाखल झालेल्यांपैकी ३.७ टक्के रुग्णांना उपचारांमुळेच इजा झाली होती आणि त्यांतील सुमारे पाव भागात निष्काळजीपणा होता. निष्काळजीपणामुळे इजा झालेले २८० रुग्ण सापडले. त्यांपैकी दावा लावला किती जणांनी? अवघ्या आठ. म्हणजे ज्यांना भरपाई मिळायला हवी, त्यातले बहुतेक जण न्यायालयाच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. याउलट, दावा लावणाऱ्यांपैकी अनेकांच्या कागदांत निष्काळजीपणा दिसला नाही. या दाव्यांचे पुढे काय झाले, हेही संशोधकांनी पाहिले. डॉक्टरची चूक होती की नाही, यापेक्षा रुग्णाला किती अपंगत्व आले, यावर पैसे मिळणे ठरत होते.

२००६ मध्ये दुसऱ्या एका गटाने निकाली निघालेले १,४५२ दावे तपासले. त्यात मात्र बहुतेक दाव्यांचा निकाल योग्य बाजूने लागल्याचे दिसले. पण इजा झाल्यापासून प्रकरण मिटेपर्यंत सरासरी पाच वर्षे गेली होती. रुग्णाला मिळालेल्या प्रत्येक डॉलरमागे ५४ सेंट वकील, तज्ज्ञ, न्यायालय आणि कारभारावर खर्च झाले होते.

आता कॅलिफोर्नियाच्या औषधाकडे पुन्हा पाहू. रकमेला मर्यादा घातल्याने विमा कंपन्या आणि डॉक्टरांना दिलासा मिळाला. न्यायालयात न पोचलेल्या रुग्णांना त्यातून काहीच मिळाले नाही. मर्यादेचा फटका बसला तो लहान मुले, वृद्ध आणि गृहिणींना. त्यांची ‘बुडालेली कमाई’ कागदावर शून्याच्या जवळ, त्यामुळे त्यांच्या वाट्याला मुख्यतः वेदनेचीच भरपाई येते आणि तिच्यावरच कात्री. शिवाय महागाई वाढत गेली तरी अडीच लाखांचा आकडा ४७ वर्षे हलला नाही. २०२२ मध्ये कायदा बदलून ती रक्कम टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे ठरले. टेक्सासमध्येही मर्यादेनंतर दावे घटले. पण वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेचा उपचारखर्च त्यामुळे कमी झाल्याचे संशोधकांना आढळले नाही. ताप उतरला, आजार तसाच राहिला.

दुसरा रस्ता

न्यूझीलंडने मूळ प्रश्नच वेगळा विचारला. ‘चूक कुणाची?’ हे ठरेपर्यंत जखमी माणसाने का थांबावे? न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या आयोगाच्या १९६७ च्या अहवालानंतर तिथे कायदा झाला आणि १ एप्रिल १९७४ पासून अपघात भरपाई योजना सुरू झाली. शारीरिक इजेच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क काढून घेतला गेला. त्या बदल्यात अपघात रस्त्यावर, कारखान्यात, घरात कुठेही झाला, तरी उपचारांचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचे ८० टक्के मिळण्याची सोय झाली. पैसा येतो पगार, मालक आणि वाहनांवरील वर्गणीतून व सरकारी तिजोरीतून.

उपचारांतून झालेल्या इजेसाठी पूर्वी तिथेही डॉक्टरची चूक किंवा अतिशय दुर्मीळ गुंतागुंत दाखवावी लागे. २००५ मध्ये ती अट गेली. आता इजा उपचारांमुळे झाली का आणि ती त्या उपचाराचा अटळ किंवा नेहमीचा परिणाम नव्हता ना, एवढेच पाहिले जाते. ‘माझ्याकडून चूक झाली’ असे सांगणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यावर दाव्याची टांगती तलवार नसते. रुग्णाच्या अर्जावर सही करून त्याला मदत करणारा बहुधा डॉक्टरच असतो.

मग बेजबाबदार डॉक्टर मोकळे सुटतात का? हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तिथे भरपाई आणि जाब विचारणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. रुग्णांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र आयुक्त आहेत आणि गंभीर प्रकरणात डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई होते. योजनेत त्रुटीही आहेत. मिळणारी रक्कम अमेरिकी खटल्यांच्या मानाने माफक असते. शिवाय अपघाताने अपंग झालेल्याला मदत आणि आजाराने अपंग झालेल्याला मात्र त्या मानाने तुटपुंजा आधार, हा भेद तिथे अजून सलतो.

आपल्याकडे काय?

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. मात्र जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालये या कायद्याबाहेर राहिली. नाममात्र केसपेपर फी भरली, तरी फरक पडत नाही. म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या गरिबाला ग्राहक आयोगाचा तुलनेने सोपा दरवाजा बंद आणि दिवाणी न्यायालयाची लांबलचक वाट तेवढी खुली. खटला न लढता मदत मिळण्याची सर्वाधिक गरज नेमकी त्यालाच असते.

दोष सिद्ध न करता भरपाई, ही कल्पना आपल्याला अनोळखी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार रस्ते अपघातात मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये चालकाची चूक सिद्ध न करता मागता येतात. सरकारी कुटुंबनियोजनाच्या नसबंदी शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला, गुंतागुंत झाली किंवा शस्त्रक्रिया अयशस्वी ठरली, तर ठरावीक रक्कम देणारी योजना २००५ पासून आहे. नसबंदीला जे लागू होते, ते प्रसूती, भूल किंवा रक्त देताना झालेल्या इजेला का लागू होऊ नये? सुरुवात सरकारी रुग्णालयांतील थोड्या ठळक इजांपासून करता येईल. जाणूनबुजून केलेल्या हयगयीसाठी कारवाई तशीच राहील आणि झालेल्या इजांची नोंद एकत्र झाल्याने तीच चूक पुन्हा कुठे होते, हेही कळेल.

तोवर रुग्णाने एक गोष्ट जरूर करावी. डिस्चार्ज कार्डाबरोबर दाखल असतानाच्या कागदपत्रांचीही प्रत मागून घ्यावी. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि त्यासाठी भांडण व्हायची गरज नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे असो की भरपाई मागायची असो, पहिला प्रश्न त्या कागदांबद्दलच विचारला जातो.