घोयऱ्याच्या हालचाली व त्यांचा अर्थ

शेताच्या कुंपणावर, बोरी-बाभळीच्या झुडपांत हिरव्या रंगाचा, दोन्ही बाजूंनी चपट्या अंगाचा व शेपटी फांदीला गुंडाळून बसणारा एक सरडा अधूनमधून आढळतो. यास घोयरा असे म्हणतात. ज्या सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते तो हा नव्हे. घोयऱ्याला धावताच येत नाही. शत्रू दिसल्यास पळून जाण्याचा मार्ग त्याला बंद असल्यामुळे तो आपल्या शरीराच्या हालचालींनीच स्वतःचा बचाव करतो. या विचित्र हालचाली पाहून तो विषारी आहे असा समज पसरला आहे आणि त्यापायी पुष्कळ घोयरे हकनाक मारले जातात. वस्तुतः त्याच्या अंगी विष मुळीच नाही.

मनुष्य जवळ येताच घोयरा अंग फुगवितो, गळ्याची पिशवी ताणतो, तोंड उघडून फूत्कार करतो व काळसर पडतो. हे सारे भीतीचे लक्षण होय. हातात धरल्यास तो चावेल, परंतु त्या चाव्याने चिमटा बसण्यापलीकडे सहसा काही होत नाही. चालताना तो पुढे-मागे झुलतो, तेव्हा पाहणाऱ्यास तो नशेत असावा असे वाटते. वाऱ्याने हलणाऱ्या पानासारखे दिसावे, एवढाच या झुलण्याचा हेतू असावा. त्याचे दोन डोळे एकाच वेळी दोन दिशांना फिरतात. मात्र भक्ष्य हेरल्यावर दोन्ही डोळे त्यावर रोखले जातात आणि शरीराहूनही लांब अशी जीभ क्षणार्धात बाहेर पडते. नाकतोडे, माशा, पतंग व अळ्या हे त्याचे खाद्य. एकट्या घोयऱ्याने पिकावरील कीड हटेल असे समजू नये. तथापि तो शेतकऱ्याच्या बाजूचा प्राणी आहे, यात संशय नाही.

ज्या वस्तूवर तो बसतो तिचाच रंग तो घेतो, ही समजूतही खरी नाही. ऊन, उष्णता, भीती व राग यांप्रमाणे त्याचा रंग पालटतो. सकाळी अंग गार असता तो गडद होतो आणि एक बाजू सूर्याकडे करून ऊन खातो. दुपारी फिकट पडून स्वस्थपणे तोंड उघडे ठेवीत असेल तर त्यास उन्हाचा ताप होत आहे असे समजावे. रात्री झोपेत तो इतका फिका होतो की विजेरीच्या उजेडात पांढरा दिसतो. भुताखेतांच्या कित्येक गोष्टी यातूनच निघाल्या असतील. त्वचेतील अतिसूक्ष्म स्फटिकांमधील अंतर कमीजास्त झाल्याने रंग बदलतो, हे जिनिव्हा येथील शास्त्रज्ञांनी मादागास्करमधील एका जातीच्या अभ्यासावरून 2015 साली दाखवून दिले.

काही ठिकाणी मुले घोयऱ्याला दोरी बांधतात किंवा खोक्यात ठेवतात. तो पानांवरील दवाचे व पावसाचे थेंब चाटून पाणी पितो. वाटीतील स्थिर पाणी त्यास बहुधा पाणी म्हणून ओळखताच येत नाही व भरल्या वाटीशेजारी तो तहानेने मरतो. दिवसा डोळे मिटून बसणे, डोळे खोल जाणे, फांदीवरील पकड सुटणे ही अशा प्राण्याची शेवटची लक्षणे होत. पालक मात्र तो माणसाळला असे समजतात! वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये घोयरा पकडणे, पाळणे वा मारणे हा गुन्हा आहे.

एरवी झाडावर राहणारी घोयऱ्याची मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते, अस्वस्थपणे फिरते व मऊ मातीत बीळ उकरते. याच वेळी ती पायवाटेवर व रस्त्यावर सापडते आणि दगडांना किंवा चाकांना बळी पडते. अशी मादी दिसल्यास तिला हाताने उचलू नये. तिच्यापुढे काठी आडवी धरावी. ती काठीवर चढल्यावर, ज्या दिशेने ती जात होती त्याच बाजूच्या बांधावर तिला सोडावे. बांधावर ती माती उकरीत असल्यास ती जागा काही महिने खणू नये. जखमी घोयरा आढळल्यास जवळच्या वनविभागाच्या कार्यालयास कळवावे.