फाटकापाशी गाडी बघताना

पांढरकवड्याला रेल्वे नाही, हे आमचं जुनं दुःख. आम्हाला लाभला तो नागपूर-हैदराबाद महामार्ग. पूर्वीचा सात नंबरचा, आताचा चव्वेचाळीस. ट्रक हवे तेवढे बघा. आगगाडी बघायची तर केळापूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, पिंपळखुटीला जावं लागतं. मी जातो. आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच, "भाऊ, गाडीत बघायचं काय असतं?"

पुष्कळ असतं. माजरीहून वणीमार्गे येणारा मध्य रेल्वेचा नागपूर विभाग पिंपळखुटीला संपतो आणि पुढे आदिलाबादकडे दक्षिण मध्य रेल्वेचा नांदेड विभाग सुरू होतो. म्हणजे दोन घरांचा बांधच म्हणा ना. इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचं नाव लिहिलेलं असतं. अजनी असेल तर ते आपल्या नागपूरचं, काझीपेठ असेल तर तेलंगणाचं. नावाशेजारी इंग्रजी अक्षरं असतात. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज. डी असेल तर डिझेल, ए असेल तर वीज. जी म्हणजे मालगाडीचं इंजिन, पी म्हणजे प्रवासी गाडीचं. डब्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे तो डबा कोणत्या साली बांधला ते सांगतात. वणीकडचा कोळसा उघड्या, उंच काठाच्या वाघिणीतून जातो. सिमेंट-धान्य बंद वाघिणीतून. शेवटच्या डब्यावर मोठी पिवळी फुली दिसली, की गाडी पूर्ण गेली, मागे काही सुटलं नाही, असं समजायचं.

आता उभं कुठे राहायचं? माझं मत विचाराल तर माणूस असलेलं फाटक सगळ्यात उत्तम, आणि तेही दांड्याच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला. सकाळी पूर्वेकडे, दुपारनंतर पश्चिमेकडे उभं राहावं. ऊन पाठीवर येतं आणि अक्षरं वाचता येतात. जवळ वळण असेल तर त्याच्या आतल्या अंगाला राहिलं की सबंध गाडी दिसते. आपल्याकडे आणखी एक अडचण : तूर. डिसेंबरात ती पुरुषभर उंच होते आणि गाडी नुसती ऐकू येते! कपाशीच्या शेतापलीकडून मात्र छान दिसते. रुळाच्या अलीकडे एक पिवळी पाटी असते, तिच्यावर 'सी/फा' लिहिलेलं. सीटी आणि फाटक. चालक तिथून शिट्टी देतो, म्हणजे आपल्यालाही आगाऊ वर्दी मिळते.

पायवाटेच्या ठिकाणी मात्र गाडी बघायला उभं राहू नये, असं मी स्पष्ट सांगतो. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बंद झाली. अनेक ठिकाणी त्यांच्या जागी भुयारी रस्ते आले. पावसाळ्यात भुयारात गुडघाभर पाणी साचलं, की शेतावर जाणारी बाई डोक्यावरचा भारा सांभाळत सरळ रुळांवर चढते. तिला दोष कसा द्यावा? पण कायद्याने तो गुन्हाच आहे, रेल्वे कायदा १९८९, कलम १४७. आणि कायद्यापेक्षा डोळे जास्त फसवतात. समोरून येणारी मोठी वस्तू असते त्यापेक्षा सावकाश येतेय असं वाटतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोवित्झ यांनी १९८५ साली रेल्वे फाटकांवरच्या अपघातांबद्दल हेच मांडलं होतं. ताशी शंभर किलोमीटरने येणारी गाडी अर्धा किलोमीटर अंतर अठरा सेकंदांत कापते. चालकाने ब्रेक लावला तरी भरलेली मालगाडी लगेच थांबत नाही. शिवाय इंजिन रुळाच्या बाहेर दोन्ही अंगांनी सुमारे अडीच फूट येतं. रुळाजवळ उभं राहून बघणाऱ्याला हे ध्यानात राहत नाही. वर्धा-बल्लारशा मार्गावर तर एक गाडी गेली म्हणून पाय टाकावा आणि तिच्या आडून दुसरी यावी, असंही घडतं. विजेच्या इंजिनाचा आवाज फार नसतो.

या छंदाचं मूळ इंग्लंडात. इयन ॲलन यांनी १९४२ साली इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका काढली आणि शाळकरी पोरं वह्या घेऊन रुळांकडे धावली. मोठ्यांची तक्रार आलीच. मग ॲलन यांनी मुलांचा क्लब काढला, तेव्हा रेल्वेच्या हद्दीत शिरायचं नाही ही अटच घातली. छंद मरू द्यायचा नव्हता ना!

आपल्याकडे ही अट घालायला फाटकावरचा गेटमन आहेच. गाडी जाताना तो हिरवा झेंडा घेऊन उभा असतो, ते नुसत्या सलामीसाठी नव्हे. चाकाचा आस तापलाय का, काही लोंबतंय का, हे तो डब्याडब्यागणिक बघत असतो. धोका दिसला तर लाल झेंडा. शेवटच्या डब्यातला गार्ड (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) त्याच्याकडे बघत पुढे जातो. त्या वेळी गेटमनशी बोलू नये. फुली दिसेनाशी झाली, की विचारा; पुढची गाडी कधी येणार ते तो सांगेल, पण दांडा वर गेल्याशिवाय सरकू देणार नाही.