यंत्राला 'सा' कसा सापडतो?

"मी संगीत आणि टेक्नॉलॉजीत पीएचडी करतेय" असं सांगितलं की आपल्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात पुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "म्हणजे साउंड सिस्टिमचं काहीतरी का?" प्रश्नात चूक काहीच नाही. हा विषय शाळेत कुणी सांगत नाही, कॉलेजच्या माहितीपुस्तकातही सहसा दिसत नाही. म्हणून आज दोन गोष्टी सांगते. या विषयात नेमकं काय शिकतात ही पहिली. दुसरी गोष्ट तुमच्या घरात एखादं मूल प्रवेशिका-मध्यमाच्या परीक्षा देत असेल तर जास्त कामाची आहे. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळाले, अकरावी सायन्सला प्रवेश झाला, की पेटी माळ्यावर जाते. ती माळ्यावर का जाऊ नये, याचं एक कारण मला दाखवायचंय.

एकाच नावाखाली तीन रस्ते

पहिला रस्ता ध्वनिमुद्रणाचा. माइक कुठे लावायचा, सिनेमाचा आवाज कसा रचायचा, मिक्सिंग कसं करायचं. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये याचा रीतसर अभ्यासक्रम आहे.

दुसरा वाद्यांच्या भौतिकशास्त्राचा. साध्या कातड्याच्या ढोलातून स्पष्ट सूर निघत नाही, मग तबल्यातून कसा निघतो? सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये यावर लिहिलं. मधल्या शाईच्या वजनामुळे कातड्याची वेगवेगळी कंपनं एकमेकांशी जुळत्या पटीत येतात, म्हणून तबला सुरात लागतो.

तिसरा रस्ता संगणकाला संगीत 'ऐकायला' शिकवण्याचा. रेकॉर्डिंग दिलं की त्यातला राग, ताल, गायकाची सुरावट यंत्राने ओळखायची. या क्षेत्राची 'इस्मिर' ही आंतरराष्ट्रीय परिषद 2000 साली सुरू झाली आणि 2022 साली ती बंगळुरूला भरली होती. माझं काम या तिसऱ्या रस्त्यावरचं, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल.

यंत्राला काय ऐकू येतं?

यंत्राला फक्त आकडे दिसतात. सीडीच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगमध्ये हवेचा दाब सेकंदाला 44,100 वेळा मोजून लिहिलेला असतो. या आकड्यांच्या रांगेत 'सूर' असं काही वेगळं लिहिलेलं नसतं.

मग आपण फूरिए रूपांतर वापरतो. मिसळीची प्लेट समोर ठेवून "यात मटकी किती, फरसाण किती, कांदा किती" हे वेगळं काढावं, तसं हे गणित एका आवाजात कोणकोणत्या कंपनसंख्या किती जोरात आहेत ते वेगळं काढतं. गायकाने 140 हर्ट्झचा सूर लावला तर 140 सोबत 280, 420, 560 अशा पटीतले हिस्सेही दिसतात. त्या सगळ्यांवरून "मूळ सूर 140 चा" हे ठरवायचं. एकटा गायक, शांत खोली, चांगला माइक असेल तर हे काम आता फारसं अवघड राहिलेलं नाही.

अडचण पुढे येते.

208 हर्ट्झ म्हणजे कुठला स्वर?

समजा यंत्राने सांगितलं की सूर 208 हर्ट्झच्या आसपास आहे. पाश्चात्त्य संगीतात उत्तर लगेच मिळतं, कारण तिथे 440 हर्ट्झ हा 'ए' ठरलेला आहे आणि बाकीचे सूर त्यावरून मोजता येतात. 208 म्हणजे पेटीवरची काळी चार, विषय संपला.

आपल्याकडे विषय इथून सुरू होतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सा साधारण 139 हर्ट्झचा. त्याची दीडपट 208, म्हणजे त्याच्यासाठी तो पंचम. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईसाठी मात्र तोच 208 हा षड्ज! कंपनसंख्या एकच, एकाचा प आणि दुसरीचा सा. जोपर्यंत सा ठाऊक नाही, तोपर्यंत यंत्राकडे असलेल्या आकड्याला आपल्या संगीतात नावच नाही.

गाण्याच्या क्लासला गेलेल्या मुलाला हे पहिल्या दिवशी कळतं. "तुझी पट्टी कोणती?" हाच तिथला पहिला प्रश्न असतो. पाश्चात्त्य संगीत डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या सॉफ्टवेअरला हा प्रश्न पडतच नाही. तो कुणीतरी घालून द्यावा लागतो.

तंबोरा मदतीला येतो

मैफलीत सतत काय वाजत असतं? तंबोरा. त्याच्या मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, षड्जाला मिळवलेल्या असतात, शेवटची खर्जाला, आणि पहिली बहुतेक वेळा पंचमाला (काही रागांत मध्यमाला किंवा निषादाला). मग सगळं रेकॉर्डिंग चाळून पाहायचं की कोणत्या कंपनसंख्या जवळजवळ प्रत्येक क्षणी हजर आहेत. त्यांच्यात सा-प किंवा सा-म असं नातं बसतंय का ते तपासायचं, आणि त्यातून सा उचलायचा. भारतीय संगीतात सा शोधण्याच्या अशा वेगवेगळ्या पद्धतींची तुलना करणारा एक महत्त्वाचा निबंध 2014 साली आला. त्यात बार्सिलोनाचे आणि भारतातले संशोधक एकत्र होते.

इथे एक खोच आहे. "सगळ्यात जोरात ऐकू येते ती कंपनसंख्या म्हणजे सा" असं धरलं तर तंबोरा फसवतो. जवारीमुळे मूळ सुरापेक्षा वरच्या पटीतले हिस्से अनेकदा जास्त ठळक असतात. रामन यांनी 1921 साली हेच टिपलं होतं. तार एखाद्या ठरावीक बिंदूवर छेडली तर नेहमीच्या नियमाने तिचे काही हिस्से ऐकूच यायला नकोत, पण तंबोऱ्यात ते येतात, कारण तार घोडीच्या पसरट, किंचित गोलाईच्या पृष्ठभागावर घासत कंप पावते. मिरजेचे कारागीर जवारी काढताना नेमकी हीच गोलाई घडवतात. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जवारी कळलेली असेल तर प्रोग्रॅम बरा चालतो.

सा सापडला, राग सापडला का?

सा मिळाला की बाकीचे स्वर त्याच्या तुलनेत मोजता येतात. सगळी सप्तकं एकावर एक ठेवून कोणत्या स्वरावर किती वेळ थांबणं झालं याचा आलेख काढला, तर स्वरांच्या जागी उंचवटे दिसतात. 2007 सालच्या एका गाजलेल्या संशोधनात अशा आलेखांवरूनच राग ओळखायचा प्रयत्न केला होता.

पण भूप आणि देशकार समोर ठेवा. स्वर दोघांचे तेच: सा रे ग प ध. भूप गंधाराकडे झुकतो, देशकार धैवताकडे. शिवाय चाल वेगळी, न्यास वेगळे, वेळही वेगळी. पवईला आयआयटी मुंबईत प्राध्यापक प्रीती राव यांच्या प्रयोगशाळेत अशा जुळ्या वाटणाऱ्या रागांवर काम झालंय. दोन रागांतलं अंतर नीट दिसावं म्हणून आलेख किती बारीक काढावा, स्वरावर थांबणं आणि स्वरावरून जाणं वेगळं कसं मोजावं, असे ते प्रश्न. हे प्रश्न विचारायला आधी भूप आणि देशकार वेगळे वाटावे लागतात.

हीच प्रयोगशाळा 'कॉम्पम्युझिक' या मोठ्या प्रकल्पातही होती. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांनी 2011 साली तो सुरू केला. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, अरब-अंदालुसी आणि बीजिंग ऑपेरा या पाच परंपरा त्यात घेतल्या होत्या. भूमिका सोपी होती: प्रत्येक संगीताला त्याच्या स्वतःच्या नियमांनी मोजा.

हा वाद सांगलीतही झाला होता

वाद आजचा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारा मोजून, गायकांचे सूर ताडून बावीस श्रुतींवर 1910 साली इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांचे सहकारी क्लेमेंट्स यांनी त्यावरून श्रुतींची पेटी घडवून घेतली. 1916 साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर जोरदार चर्चा झाली. पुढे 1940 साली आकाशवाणीने पेटीवरच बंदी घातली, ती सैल व्हायला 1971 उजाडलं. मोजमाप आणि कान यांचं जमवायचं कसं, हाच तेव्हाही प्रश्न होता.

आता आपली लोकल

सकाळच्या बदलापूर-सीएसएमटीमध्ये भजनी मंडळ असतं, ते डोळ्यांसमोर आणा. टाळ, ढोलकी, एक सांगणारा आणि दहा-बारा झेलकरी. तंबोरा नाही, बऱ्याचदा पेटीही नाही. वर पंखे, खाली रूळ. टाळाचा आवाज एका कंपनसंख्येवर बसत नाही, तो वरच्या सगळ्या पट्ट्यावर पसरतो आणि गळ्यांचे हिस्से झाकतो. डोंबिवलीपर्यंत पट्टी अर्ध्या सुराने वर सरकलेली असू शकते. वर सांगितलेली तंबोऱ्याची युक्ती इथे चालणारच नाही. तरी डब्यातल्या प्रत्येकाला सा कुठे आहे ते कळत असतं, नवीन चढलेल्यालाही!

कसं कळतं? याचं यंत्राला सांगता येईल असं उत्तर हा संशोधनाचा खुला विषय आहे. त्यात माझ्या दृष्टीने बरंच काही पणाला लागलंय. कॉम्पम्युझिकचं हिंदुस्थानी संगीतावरचं काम मुख्यतः ख्यालाभोवती होतं. यंत्र जे ओळखू शकतं, ते शोधलं की सापडतं, त्याची नीट यादी होते. जे ओळखू शकत नाही, ते फोनमध्ये 'ऑडिओ 0043' या नावाने पडून राहतं आणि फोन बदलला की जातं. लोकलमधली भजनं, उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांनी फाळणीनंतर सोबत आणलेली भगताची गाणी, या सगळ्याला हे लागू होतं.

मग शिकायचं कसं?

भारतात हा विषय बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रिकल किंवा कॉम्प्युटर विभागाच्या दारातून लागतो. फिजिक्स-मॅथ्सची बीएस्सी-एमएस्सी करूनही येता येतं. लागतं काय? सिग्नल प्रोसेसिंग, रेखीय बीजगणित, संभाव्यता, पायथन. आयआयटी मुंबई आणि आयआयटी मद्रास इथे भारतीय संगीतावर काम झालेलं आहे. परदेशात बार्सिलोना, लंडनचं क्वीन मेरी, अमेरिकेतलं जॉर्जिया टेक इथे हा स्वतंत्र विषय म्हणून शिकता येतो. संगीताची बाजू पक्की करायची असेल तर मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि पुण्याचं ललित कला केंद्र आहे. आणि हे शिकलेलं संगीतापुरतंच उरत नाही. श्रवणयंत्रं, फोनमधली आवाज-ओळख, सगळीकडे हेच गणित लागतं.

कोडिंग सहा महिन्यांत बऱ्यापैकी येतं. सम कुठे आली हे ऐकून खूण करायला, कोमल रिषभ आंदोलित आहे की सरळ हे सांगायला जो कान लागतो, तो सहा महिन्यांत तयार होत नाही. या विषयातलं निम्मं काम अशा खुणा करण्याचं असतं. म्हणून म्हणते, पेटी माळ्यावर टाकू नका. आठवड्यातून एक तास पुरे, पण कान चालू ठेवा.

घरी करून बघा

'सॉनिक व्हिज्युअलायझर' किंवा 'प्रात' ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. कानाला हेडफोन लावून तंबोऱ्याचं अ‍ॅप काळी एकवर ठेवा (बायकांनी काळी चारवर) आणि सा, ग, प हे स्वर लांबवून रेकॉर्ड करा. हेडफोनमुळे रेकॉर्डिंगमध्ये फक्त तुमचा गळा येईल. काळी एकला पंचम 208 च्या आसपास दिसेल. खरी मजा गंधारात आहे. पेटीचा गंधार 174.6 हर्ट्झचा, तर तंबोऱ्याशी मिळालेला, म्हणजे षड्जाच्या सव्वापट असलेला गंधार 173.2 चा. काळी चारला हेच आकडे 261.6 आणि 259.6 होतात.

तुमचा गंधार यातल्या कुणाच्या जवळ पडतो ते बघा, आणि आकड्यासकट मला कळवा. शाळेपासून पेटीवर शिकलात की तंबोऱ्यावर, तेही लिहा.