वाढीव खोलीचा पाया आणि काँक्रीटची प्रत

नवी मुंबईच्या उभारणीसाठी 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या गावांभोवती वसाहती उभ्या राहिल्या. पनवेल परिसरातील खांदेश्वर ही त्यांपैकीच एक. कुटुंब वाढले की येथील बैठ्या घरांना एखादी खोली जोडण्याचा विचार सुरू होतो. पुष्कळदा आयुष्याची पुंजी या एका खोलीत गुंतते. मात्र तिचा टिकाऊपणा ज्यावर अवलंबून असतो, त्या पायातील काँक्रीटचा निर्णय गवंड्याच्या सवयीवर सोपविला जातो.

एम-20 म्हणजे काय?

नकाशावरील ‘एम’ हे अक्षर मिश्रणाचे, तर त्यापुढील आकडा ताकदीचा निदर्शक होय. 15 सेंटिमीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा 28 दिवसांनी दाबून पाहिला असता, दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन दाब सोसण्याची अपेक्षा एम-20 कडून असते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी हे परिचित प्रमाण याच प्रतीचे आहे. भारतीय मानक 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीनुसार असे ठराविक प्रमाण एम-20 पर्यंतच चालते. त्यापुढील प्रतींसाठी प्रयोगशाळेत ठरविलेले मिश्रण वापरावे लागते.

जागेनुसार प्रत

हेच मानक ताकदीबरोबर परिसराचाही विचार करते. गज घातलेल्या काँक्रीटला सौम्य परिस्थितीत एम-20 पुरते. साध्या मातीत गाडलेल्या पायासाठी किमान एम-25, दर घनमीटरला 300 किलो सिमेंट आणि सिमेंटच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा अधिक नाही इतके पाणी, अशी अट आहे. समुद्रकिनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या भागांसाठी एम-30, तर क्षारयुक्त, घातक जमिनीत एम-35 सांगितले आहे. क्षार सच्छिद्र काँक्रीटमधून गजापर्यंत पोहोचतात, गज गंजून फुगतो आणि काँक्रीट फुटते. म्हणूनच खाडीलगतच्या भागात खोदाईपूर्वी माती व भूजल यांची तपासणी करून घेणे हिताचे ठरते.

पाण्याची शिस्त

निम्म्या प्रमाणाच्या हिशेबाने 50 किलोच्या गोणीस 25 लिटर पाणी होते. ओल्या वाळूतील पाणीही त्यातच धरावयाचे. काम सोपे व्हावे म्हणून वरून ओतलेले पाच लिटर पाणी सुकल्यावर पोकळ्या ठेवून जाते आणि नकाशावरील एम-25 प्रत्यक्षात उतरत नाही. पायाच्या गजांवर किमान 50 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण राहील, यासाठी गजांखाली ठोकळे ठेवावेत. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, उष्ण व कोरड्या हवेत दहा दिवस पाणी मारावे. राखमिश्रित सिमेंट असल्यास ही मुदत किमान दहा दिवसांची असून चौदा दिवस पाणी मारणे अधिक चांगले.

जुने आणि नवे

जुन्या घराखालची जमीन वर्षानुवर्षांच्या भाराने दबलेली असते. नव्या खोलीखालची दबावयाची असते. दोहोंना घट्ट जोडल्यास भेगा पडतात, म्हणून मधे सांधा ठेवण्याबाबत अभियंत्याचा सल्ला घ्यावा. जुन्या पायालगत एकदम लांबलचक चर न खोदता तुकड्यातुकड्याने खोदावे.

जमिनीचे काँक्रीट बिनगजी असले, तरी मातीलगत असल्याने त्यास किमान एम-15 हवे. त्याखालील भराव सुमारे 15 सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून व धुमसाने ठोकून बसवावा. भराव पोकळ राहिल्यास उत्तम काँक्रीटही खचते.

नकाशावर प्रत, किमान सिमेंट, पाण्याची मर्यादा व आवरण हे चार आकडे स्पष्ट लिहिलेले असावेत आणि कामाच्या वेळी ते ताडून पाहावेत. शाळेची वाढीव खोली असो वा ग्रामपंचायतीचे सभागृह, ही तपासणी काँक्रीट ओतण्यापूर्वीच व्हावयास हवी; कारण पाया एकदा मातीआड गेला की त्यातील उणीव दुरुस्त करणे अत्यंत कठीण व खर्चाचे होते.