हरहुन्नरी खेळाडूची नेमकी जागा कोणती?

ज्याला सर्व काही जमते, त्याला नेमके कोणते काम सोपवावे, हा प्रश्न पेढीवर जितका अवघड, तितकाच बास्केटबॉलच्या मैदानावरही. एकच काम उत्तम येणाऱ्याची जागा आपोआप ठरते. हरहुन्नरी माणसाला मात्र आज इथे, उद्या तिथे असे फिरवले जाते आणि अखेर कोणतीच जागा त्याच्या खात्यावर जमा होत नाही. आपल्या घरांतील मुले-मुलीही शाळा-महाविद्यालयांतून हा खेळ खेळतात. म्हणून एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच खेळाडू मैदानात असतात. चेंडू पुढे नेऊन डाव रचणारा पॉइंट गार्ड, दुरून नेम साधणारा शूटिंग गार्ड, बाजूने घुसणारा स्मॉल फॉरवर्ड, बास्केटजवळ झुंजणारा पॉवर फॉरवर्ड आणि खाली पहाऱ्यास उभा असणारा, बहुधा सर्वांत उंच असा सेंटर. या जागा रूढीने उंचीवरून ठरत आल्या. बुटका पुढे, उंच खाली, असा सरळ हिशेब.

हा हिशेब ज्याने चुकवला, तो ड्रेमंड ग्रीन अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाकडून 2008 ते 2012 अशी चार वर्षे खेळला. उंची सुमारे साडेसहा फूट, अंगाने भरदार. प्रशिक्षक टॉम इझो यांनी त्याला पहिली दोन वर्षे बहुतांशी राखीव म्हणूनच मैदानात आणले. मात्र त्या काळात तो संपूर्ण खेळ शिकला. पुढे 2011 आणि 2012 या दोन्ही वर्षांच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत त्याने एकाच सामन्यात गुण, रिबाउंड आणि सहकाऱ्यांच्या गुणांना कारण ठरलेले पास, या तिन्ही रकान्यांत दोन अंकी आकडे नोंदवले. बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूकडून असे क्वचितच घडते.

तरीही 2012 मध्ये व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले, तेव्हा त्याचे नाव 35 व्या क्रमांकावर पुकारले गेले. आक्षेप एकच होता: पॉवर फॉरवर्ड म्हणावे तर उंची कमी, स्मॉल फॉरवर्ड म्हणावे तर पाय जड. अशा खेळाडूला तिकडे ‘ट्वीनर’ म्हणतात, म्हणजे धड ना इकडचा, ना तिकडचा. गुण कोणीच नाकारत नव्हते. त्या गुणांसाठी तयार रकाना मात्र कोणाच्या वहीत नव्हता.

पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. 2014 च्या हंगामारंभी गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाचा मुख्य पॉवर फॉरवर्ड डेव्हिड ली दुखापतीने बाहेर बसला. नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी ती जागा ग्रीनला दिली. ली बरा होऊन परतला, तरी ती ग्रीनकडेच राहिली. कारण ग्रीन चपळ गार्डलाही अडवू शकत होता आणि उंच सेंटरलाही. बचावात जोड्या बदलल्या, तरी प्रतिस्पर्ध्याला मोकळी वाट मिळत नव्हती.

2015 च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलँडने 2-1 अशी आघाडी घेतली, तेव्हा कर यांनी आणखी धाडस केले. त्यांनी आपल्या उंच सेंटरला बसवून आन्द्रे इग्वोडाला याला सुरुवातीपासून उतरवले आणि ग्रीनला सेंटरचे काम दिले. या व्यवहाराला खर्चाची बाजूही होती. त्या चौथ्या सामन्यात क्लीव्हलँडच्या सात फुटांहून उंच मोझगोव्हने 28 गुण मिळवले. पण जमेची बाजू फार मोठी ठरली. वेग वाढला, मैदान मोकळे झाले आणि वॉरियर्सने तो सामना 103-82 असा जिंकला. पुढचे दोन्ही सामने जिंकून त्यांनी 40 वर्षांनी विजेतेपद मिळवले. 2017 मध्ये ग्रीन वर्षातील सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला.

याच विद्यापीठाचा मॅजिक जॉन्सन उलट बाजूचे उदाहरण आहे. उंची 6 फूट 9 इंच. रूढीप्रमाणे त्याने बास्केटखाली उभे राहायचे. परंतु डाव रचण्याची त्याची दृष्टी ओळखून चेंडू त्याच्याच हाती देण्यात आला आणि 1979 मध्ये मिशिगन स्टेट राष्ट्रीय विजेता ठरला. पुढच्याच वर्षी व्यावसायिक अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात करीम अब्दुल-जब्बार जायबंदी असताना तोच सेंटर म्हणून उभा राहिला आणि त्याने 42 गुण मिळवले. एका संकटाच्या दिवशी त्याने दुसरे काम चोख केले. पण त्याची मुख्य जागा बदलली नाही.

या दोन उदाहरणांवरून तीन कसोट्या हाती लागतात. पहिली, बचावाची. हा खेळाडू प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाकोणाला रोखू शकतो? चढाईतील कामे सहकारी वाटून घेऊ शकतात. बचावातील दुबळा दुवा मात्र प्रतिस्पर्धी हेरून पुन्हा पुन्हा तिथेच घाव घालतो. दुसरी, उणिवेची. उरलेल्या चौघांत काय कमी आहे आणि ते हा भरून काढतो का? तिसरी, निर्णयाची. चेंडू हाती आला की त्याचा निर्णय कोणत्या ठिकाणी सर्वांत अचूक ठरतो? उंचीची नोंद जरूर करावी, पण या तिन्हींच्या खाली.

आणि जागा एकदा ठरली की किमान एक हंगाम तरी ती कायम ठेवावी. दर सामन्यात जागा बदलली, तर कौशल्य मुरत नाही. आणि अपयश आले की दोष पडतो तो खेळाडूवरच. त्याचे अष्टपैलुत्व ही संघाची राखीव गंगाजळी समजावी. ती अडीनडीला काढावी, रोजच्या किरकोळ खर्चाला वापरू नये.

पालकांनीही ‘आमचा मुलगा कुठेही खेळतो’ असे अभिमानाने सांगताना क्षणभर थांबावे. हंगामाच्या आरंभीच त्याच्यासह प्रशिक्षकांना विचारावे की, त्याचे मुख्य काम कोणते आणि ते उत्तम होण्यासाठी त्याने काय शिकावे. याचे स्पष्ट उत्तर मिळाले की मुलाच्या सरावाला दिशा येते. मग त्याची इतर सारी कौशल्ये आपोआप त्या मुख्य कामाच्या मदतीला उभी राहतात.