दोन माणसं लोंबकळली तरी नट सुटेना! ट्रकच्या पाट्यांचे गंजलेले बोल्ट काढतात तरी कसे?

मंडळी, मासळीचा ट्रक पुढे असला की आपण नाक दाबून ओव्हरटेकची संधी शोधत असतो. त्याच्या मागून गळणाऱ्या पाण्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वितळलेल्या बर्फाचं हे खारट पाणी रस्त्यावर पडण्याआधी चासीवर आणि पाट्यांवरून ओघळतं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात माल भरणाऱ्या गाड्यांना वरून खारा वाराही असतोच. मग एक दिवस पाटा तुटतो, गाडी गॅरेजला लागते आणि पान्याला लांब पाईप लावून दोन माणसं लोंबकळली तरी नट हलत नाही राव!

पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. ती ॲक्सलला आवळून धरतात ते 'यू' आकाराचे बोल्ट. पाटे बदलायचे तर हे यू-बोल्ट आधी सुटायला हवेत.

ते जाम का होतात? लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते ती जेमतेम. त्या फटीत गंज फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा घट्ट बसतो. गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून किनाऱ्यावर हे सगळं झपाट्याने होतं.

अशा नटावर नुसती ताकद लावली तर एकतर त्याचे कोपरे झिजून गोल होतात, नाहीतर बोल्टच पिळवटून तुटतो. खरं काम आहे ते गंजाची पाचर मोडण्याचं. जाणता मिस्त्री आधी बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने घासून काढतो, कारण नट त्यांच्यावरूनच बाहेर येणार असतो. मग रॉकेल, डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून शक्यतो रात्रभर मुरू देतो. (डब्ल्यूडी-४० हे नाव 'वॉटर डिस्प्लेसमेंट' आणि ४०वा प्रयत्न यांवरून पडलंय. १९५३ मध्ये ते बनलं ते रॉकेटच्या भागांना गंज लागू नये म्हणून!) सकाळी नटावर चारी बाजूंनी हातोडीचे ठोके. त्या हादऱ्यांनी गंजाला तडे जातात आणि तेल आत शिरतं. नंतर नट सोडण्याआधी थोडासा आवळायचा, मग उलटा फिरवायचा. पुढे-मागे, पुढे-मागे. इथे घाई केली की हमखास आटे जातात.

तरीही हलला नाही तर गॅसची ज्योत. अनेकांना वाटतं की तापल्यावर नट फुगून भोक आणखी आवळेल. होतं उलट! बैलगाडीच्या चाकाची धाव आठवा. लोखंडी कडं तापवून मोठं करायचं, लाकडी चाकावर बसवायचं आणि पाणी ओतून आवळायचं. नटाचंही तेच. २० मिमीचं भोक ३०० अंशांनी तापलं तर सुमारे ०.०७ मिमीने वाढतं, म्हणजे साधारण एका केसाएवढं. मात्र बोल्ट तापायच्या आत फक्त नट झटपट तापवायला हवा. आणि तेल मुरवलेल्या नटाजवळ ज्योत नेताना आगीचा धोका असतो. रबरी बुश, डिझेलची टाकी आणि एअर ब्रेकचे प्लास्टिक पाईपही जवळच असतात, हे विसरून चालत नाही.

पण एवढा खटाटोप यू-बोल्टसाठी करायचाच कशाला? एकदा आवळलेला यू-बोल्ट ताणलेला असतो. तो परत वापरायचाच नसतो, नटासकट नवाच टाकायचा. मग अर्धा दिवस घालवण्यापेक्षा सरळ कापलेला बरा. तेल-ठोक्यांचा संयम ठेवावा तो चासीच्या ब्रॅकेटमध्ये अडकलेल्या शॅकल पिनसाठी, कारण तिथे ब्रॅकेट खराब झालं तर खर्च कितीतरी वाढतो. कापताना ज्योत ठेवायच्या पाट्याला लागू द्यायची नाही. पाट्याला कारखान्यात विशिष्ट पाणी दिलेलं असतं. एका जागी तापला की ते जातं आणि पुढे तिथूनच तो मोडतो.

शेवटचा नट सुटण्याआधी चासी आणि ॲक्सल दोन्ही भक्कम स्टँडवर हवेत, नुसत्या जॅकवर नाही. दाबलेल्या पाट्यात साठलेला जोर क्षणात बाहेर येतो आणि त्या वेळी मिस्त्रीचं डोकं नेमकं तिथेच असतं.

नवे यू-बोल्ट तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळतात आणि काही शे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळतात. पाटे जागेवर बसले की बोल्ट थोडे सैल पडतातच. तसेच राहिले तर सगळा भार मधल्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि ॲक्सल सरकतो. हायवेवर कधी एखादा ट्रक तोंड सरळ पण मागचा भाग तिरका असा पळताना दिसलाय? अशा वेळी बऱ्याचदा ॲक्सल सरकलेला असतो. त्याच्यापासून जरा लांबच राहा!